चपला मोजून दाखवलेलं घर

माणूस घर निवडत नाही. घरच माणसाला निवडतं.

बहरीनमध्ये भाड्याची घरं दाखवण्याच्या एकोणीस वर्षांत हे वाक्य मी शेकडो लोकांना ऐकवलं. ऐकताना माणसं गंभीर होतात, भिंतीवरून हळूच हात फिरवतात, एकमेकांकडे बघतात. वाक्य परिणामकारक आहे यात शंका नाही. बहुतेक वेळा मी ते एसी चालत नसताना म्हटलेलं आहे.

या धंद्यात मी ठरवून आले नाही. नवऱ्याच्या नोकरीमागे सांगलीहून इथे आले. आम्ही तीन वर्षांत तीन घरं बदलली आणि तिसऱ्या वेळी एजन्सीचे मालक मला म्हणाले, "बाई, आप तो मेरे एजंट से ज्यादा सवाल पूछता है. आप ही आ जाओ." मालक बहरीनी होते. सगळे त्यांना अबू यूसुफ म्हणत, आणि इथल्या जुन्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे त्यांचं हिंदी व्याकरण सोडलं तर उत्तम होतं. त्यांनी मला धंद्याचा एकच मंत्र दिला : "घर बताओ, कहानी मत बताओ." तो मी पहिल्याच आठवड्यात मोडला.

बाहेरच्यांना आमचं काम किल्ली फिरवण्याचं वाटतं. नव्या नोकरीवर आलेला माणूस कंपनीच्या खर्चाने दोन आठवडे हॉटेल अपार्टमेंटमध्ये राहतो. तेवढ्यात त्याला घर शोधायचं असतं. आम्ही दाखवतो, तो पसंत करतो, वर्षाचा करार होतो आणि आमची दलाली घरमालकाकडून येते. म्हणजे एजंट गाडीत भाडेकरूच्या शेजारी बसलेला असला तरी माणूस मालकाचा. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगत असे. त्यामुळे त्यांचा माझ्यावर भलताच विश्वास बसे आणि माझी सोय होई.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कुडाळकडचा एक ड्रायव्हर अकरा वर्षं एकटा राहून बायकोला पहिल्यांदा आणत होता. हमद टाउनमध्ये पत्ता म्हणजे गोल चौकाचा नंबर. सगळं गाव त्या आकड्यांवर चालतं. मी त्याला चौकामागून चौक फिरवत होते. बस किती मिनिटांनी, दुकान कुठे, दवाखाना कुठे. अखेर तो म्हणाला, "बाईनु, ह्या सगळा रवां दे. जेवणघराची खिडकी खंय उघडता? माशे तळले तर वास जातलो खंय? अकरा वर्षांनी बायल येतली. पयल्याच दिवशी तिका शेजाऱ्याचो बोल नको." इतका नेमका प्रश्न मला एकाही बँकरने विचारलेला नाही. त्याला कोपऱ्यावरचं घर दिलं. मागे मोकळा प्लॉट होता; तिथली मांजरं सोडता कोणाची तक्रार नव्हती, आणि मांजरांचीही तक्रार नव्हतीच.

पुण्यामुंबईची शिकलेली माणसं वेगळी. त्यांची एक चूक ठरलेली असते. ती घर ऑफिसजवळ मागतात. अर्धं आयुष्य रस्त्यावर काढलेल्या माणसाची ती भीती आहे, तिला हसू नये. पण या देशात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला जेमतेम तास लागतो. इथे ऑफिस जवळ असण्याला फारशी किंमत नाही. किंमत आहे ती शाळेची बस दारात किती वाजता येते याला, आणि संध्याकाळी खाली कोण खेळतं याला. हे मी सांगते. ते मान डोलावतात. आणि ऑफिसजवळचं घर मागतात.

मुलं असलेल्या कुटुंबाला घर दाखवायचे माझे दोन नियम होते. पहिला, घर तीनदा बघायचं : शुक्रवारी दुपारी, कामाच्या दिवशी सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सातला. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, त्यामुळे शुक्रवारी गल्ली शांत असते. त्या शांततेला भुलून घर घेणारे रविवारी पहाटे बसच्या भोंग्यांनी जागे होतात. दुसरा नियम माझा स्वतःचा. लिफ्ट वापरायची नाही. जिन्याने जायचं आणि दारापुढच्या चपला वाचायच्या. आपल्याकडची माणसं चपला बाहेर काढतात, आणि कोणाच्याही बोलण्यापेक्षा त्या खऱ्या असतात. एका दारापुढे एकाच मापाचे सहा जोड म्हणजे बॅचलर. एक मोठा, एक मध्यम आणि एक दिवे लागणारा छोटा म्हणजे पहिलीतलं पोर. छोट्या जोडांच्या टाचा झिजलेल्या असतील तर मुलं खाली खेळतात. कोऱ्या असतील तर टीव्ही बघतात. या विद्येचा मला गर्व होता. आता तो गर्व कसा उतरला ते सांगते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पुण्याहून एक कुटुंब आलं. अमेय, सीफ भागातल्या एका ऑफिसात नवी नोकरी. बायको केतकी, पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करणारी. मुलगी ईरा, आठ वर्षांची; इथल्या शाळेत तिचं नाव घातलेलं होतं. अमेयने हॉटेलच्या लॉबीतच लॅपटॉप उघडला.

"काकू, मी एक्सेल केलंय. प्रत्येक घराला शंभरपैकी मार्क. ऑफिसपासून अंतर चाळीस मार्क."

"आणि मुलीला किती?" मी विचारलं.

त्याने स्क्रीन खाली सरकवली. "प्ले एरिया, पाच."

केतकी बोलली ती गाडीत, अमेय पेट्रोल पंपावर पाणी आणायला उतरल्यावर.

"काकू, मी एक महिन्याच्या बिनपगारी रजेवर आलेय. येत्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी सकाळी माझ्या ऑफिसला सांगायचंय, परत येतेय की राजीनामा देतेय. ईरा इथे रमली तर राजीनामा. नाही तर आम्ही दोघी पुण्याला आणि हा इथे एकटा. असं राहणारी किती कुटुंबं आहेत, तुम्हाला माहितीच असेल."

मला माहिती होतं. अशा एकट्या नवऱ्यांना पुढे वन बेडरूम मीच दाखवत असे.

"तिला काय हवंय?" मी मागच्या सीटकडे बघितलं.

"आय वॉन्ट किड्स डाउनस्टेअर्स," ईरा खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"मराठीत सांग गं, काकूंना."

"शी अंडरस्टुड," ईरा म्हणाली. ते खरंच होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना सीफला लागूनच्या सनाबिसमधला एक टॉवर दाखवला, कारण एक्सेलला तोच हवा होता. अशा इमारतींच्या नावात रॉयल असतं, नाही तर पॅलेस, कधी दोन्ही. लॉबीत संगमरवर, त्यावरून ओघळणारं पाणी आणि एक सोफा. त्या सोफ्यावर बसलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. रिसेप्शनवरच्या तरुणाने आम्हाला "फॅमिली-फ्रेंडली लाइफस्टाइल" असं म्हणत प्ले एरियात नेलं. रबराची जमीन, पिवळी घसरगुंडी, भिंतीवर जिराफ. घसरगुंडीवर अजून प्लॅस्टिकचं वेष्टण होतं.

चौदाव्या मजल्यावर अमेय हरखला. "केतकी, इकडे ये! घरातून माझं ऑफिस दिसतंय!"

"म्हणजे ऑफिसातून घर पण दिसणार," केतकी म्हणाली. "बॉसला."

"चालत जाता येईल."

"सप्टेंबरात?" मी बाल्कनीचं दार उघडलं. बाहेरची हवा आत आली आणि चर्चा संपली.

मी जिन्याने खाली उतरले. चौदा मजले, एकाही दारापुढे चप्पल नाही. लॉबीत पाटी होती : पादत्राणे बाहेर ठेवू नयेत. वाचायला पानच नाही, तर मी काय सांगणार? ईरा लिफ्टने आधीच पोचली होती आणि पाण्याच्या भिंतीत बोट घालून उभी होती. "नो किड्स," तिने अहवाल दिला. अमेयने मुकाट्याने लॅपटॉप मिटला. त्याच्या शहाणपणाबद्दल माझं मत तिथे सुधारलं.

त्यानंतरचे चार दिवस आम्ही जसे फिरलो, तशी मी अलीकडे कधी फिरले नव्हते. मला या कामातला हाच भाग आवडतो. नवीन माणसाला देश हातात धरून दाखवायचा. केतकीला भाजीचा बाजार सापडला, अमेयला वडापाव. आणि ईराला कळलं की इथल्या गल्ल्यांना नावं नसून नंबर असतात : घर अमुक, रस्ता तमुक, ब्लॉक ढमुक. ती प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला लागली. "रोड टू-फोर!" केतकी आरशातून माझ्याकडे बघून हसली. पण ती दिवस मोजत होती हे मला दिसत होतं.

बुधवारी दुपारी चार वाजता फोन आला. झिंजमध्ये एका जुन्या पाच मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरचं घर रिकामं झालं होतं. दोन बेडरूम, हवेशीर, खाली किराणा, कोपऱ्यावर लाँड्री, शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी. झिंजमध्ये अशी घरं दुपारी रिकामी होतात आणि संध्याकाळी भरतात. "पाँच बजे दूसरी पार्टी आता है," अबू यूसुफ म्हणाले. "यल्ला, यल्ला! चलो, चलो!"

मी तिघांना गाडीत घातलं. साडेचारला इमारतीत शिरलो. ते तिघे लिफ्टने वर गेले, मी सवयीप्रमाणे जिन्याने. पहिला मजला, मोठे जोड. दुसरा मजला, आणि मी थांबलेच.

एका दारापुढे छोट्या चपलांचा ढीग होता. सँडल, बूट, फुलाफुलांच्या चपला, एकावर एक. मी मोजल्या. चौदा जोड. निम्मे ईराच्या मापाचे. टाचा झिजलेल्या. आत धपधपाट चालला होता; मुलं खेळतायत, असं मी धरून चालले.

"केतकी!" मी चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले. "मुलं आहेत! चौदा!"

ईरा दोन-दोन पायऱ्या उतरत आली. तिने आपला पाय एका गुलाबी सँडलशेजारी ठेवून बघितला. "सेम साइझ," ती म्हणाली, आणि मग, कोणी न सांगता, "आई, माझ्यासारखाच आहे!"

आईशी ती इतकं मराठी त्या महिन्यात बोलली नव्हती. केतकीने घराचं स्वयंपाकघर बघितलं, नळ सोडला, बंद केला. अमेयने "एक्सेलमध्ये घालू?" असं विचारलं आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघून प्रश्न मागे घेतला. माझ्या मनात एकदा येऊन गेलं, साडेसहाची फेरी झालेली नाही, सातची झालेली नाही, शुक्रवारची झालेली नाही. पण पाचला वीस मिनिटं कमी होती आणि खाली चौदा चपला होत्या.

कागद लागणार होते. अमेयचं रेसिडेंट आयडी कार्ड अजून यायचं होतं. मी म्हटलं, आता संपलं. केतकीने पर्समधून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं. पासपोर्टच्या प्रती, व्हिसाच्या प्रती, फोटो, कंपनीचं पत्र, ईराचं बालवाडीपासूनचं प्रगतिपुस्तक.

"हे कशाला आणलंस?" अमेयने विचारलं.

"कोणी मागितलं असतं तर?" ती म्हणाली.

घरमालकाचा माणूस फोल्डर बघूनच नमला. पाचला पाच मिनिटं असताना सह्या झाल्या. आम्ही खाली आलो तर लिफ्टपाशी दुसरी पार्टी उभी होती. साठीचं जोडपं, पुस्तकांनी भरलेली पिशवी घेतलेलं. "इट सीम्स व्हेरी पीसफुल हिअर," बाई हळूच म्हणाल्या. "हो, पण घर आत्ताच गेलं," मी विजयी सुरात सांगितलं. त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत स्वयंपाक केला, अशी नवऱ्याची तक्रार आहे.

शुक्रवारी ते राहायला गेले. रविवारी सकाळी साडेसहाला मी, नियम मोडल्याची बोच म्हणा, गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. ईराचा शाळेचा पहिला दिवस होता. बस आली. त्या इमारतीतून एकच मूल बाहेर पडलं. ईरा. बसच्या पायरीवर तिने मागे वळून इमारतीकडे बघितलं, आणखी कोणी येतंय का म्हणून, आणि मग चढली.

वॉचमन झाडू घेऊन उभा होता. मी विचारलं, "भैया, बाकी बच्चे?"

"इस बिल्डिंग में बच्चा कहाँ, मॅडम? सब बुड्ढा लोग है. दूसरे माले पे वत्सला टीचर का डान्स क्लास है. सोमवार और बुधवार, साढ़े चार बजे. तब आता है, पूरे शहर से."

लिफ्टपाशी उभं असलेलं ते जोडपं माझ्या डोळ्यांपुढे आलं. ही इमारत त्यांच्यासाठीच बांधलेली होती. आणि ती मी त्यांच्या हातातून काढून एका आठ वर्षांच्या मुलीला दिली होती.

मी वर गेले. केतकीने दार उघडलं. खोकी तशीच होती. एकही उघडलेलं नव्हतं, एवढं मला पुरे होतं.

"केतकी, माझी चूक झाली."

"मला शनिवारीच कळलं, काकू. ईराने दोन दिवसांत प्रत्येक मजल्यावर बेल वाजवून विचारलं, तुमच्याकडे लहान मुलं आहेत का. एका आजींनी तिला लाडू दिला." तिने दारातलं खोकं पायाने सरकवलं. "तुम्ही म्हणाला होतात, तीनदा बघायचं असतं."

"हो."

"मग?"

उत्साह हे उत्तर होतं, पण ते मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "मी घरमालकाशी बोलते. करार मोडून देते. दुसरं घर बघू, उद्याच."

"उद्या सोमवार आहे, काकू. परवा सकाळी मला मेल पाठवायचाय." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "अमेयला मी अजून सांगितलं नाहीये. पण मी मनातल्या मनात बॅग भरलीय."

अबू यूसुफना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मफी मुश्किल," ते म्हणाले, काही अडचण नाही. घरमालकाला फोन करायला उठले. मग दारातून वळून म्हणाले, "शुभा, जूता देख के घर दिया?"

सोमवारी सव्वाचारला मी त्यांना घ्यायला गेले. हमद टाउनमध्ये एक घर शोधलं होतं. अमेयला ऑफिसला बरंच लांब पडलं असतं, तो फोनवर म्हणाला होता, "काकू, अंतराचे मार्क मी काढून टाकलेत." केतकी, ईरा आणि मी जिना उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा तोच ढीग. आणि या वेळी मुलंही होती, चपला काढणारी, एकमेकांना ढकलणारी, मल्याळम, तमिळ, हिंदी आणि इंग्रजी एकदम बोलणारी. ईरा कठड्याला धरून थांबली.

दारात एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. वत्सला टीचर. त्यांनी ईराकडे बघितलं. "चौथा माला? तुम ने घंटी बजाया था? मैं नहा रही थी. आओ, अंदर बैठो."

"उसको डान्स नहीं आता," केतकी घाईने म्हणाली.

"इन को भी नहीं आता," टीचर म्हणाल्या. "बैठने दो."

ईराने आमच्याकडे न बघता सँडल काढले, ढिगावर ठेवले आणि आत गेली. केतकी आणि मी पायरीवर बसलो. आतून ताल धरणाऱ्या काठीचा आवाज, पायांचा धपधपाट, टीचरचं ओरडणं. हमद टाउनचा घरमालक मला तीनदा फोन करून थकला. केतकी मध्येच म्हणाली, "काकू, तिला इथे करमलं नाही तर?" आणि पाच मिनिटांनी, "आणि करमलं तर?" दुसऱ्या प्रश्नाने ती जास्त घाबरलेली दिसली. बारा वर्षांची नोकरी होती तिची, हे मी आत्ता लिहिताना आठवण ठेवून लिहिते. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

साडेपाचला दार उघडलं. मुलींचा लोंढा बाहेर आला आणि त्यात ईरा, घामाघूम, दोन मुलींच्या मध्ये. कोणाची आई रिफाहून येते, कोणाची मुहर्रकहून, सगळ्या आया खाली गाड्यांत बसलेल्या असतात, ही माहिती तिने एका दमात दिली. "आई, दिया माझ्या शाळेत आहे! सेम सेक्शन! तिने मला बसमधून उतरताना बघितलं होतं! आणि बुधवारी पण क्लास आहे. आपण बुधवारी इथेच आहोत ना?"

वर जाऊन केतकीने पहिलं खोकं उघडलं. त्यात कुकर होता. मंगळवारी सकाळी तिने राजीनामा पाठवला, आणि दोन महिन्यांनी इथल्याच एका प्रयोगशाळेत अर्ज केला. तिथे तिला नोकरी लागली. फोल्डर तयारच होतं.

अमेय आता रोज बारा मिनिटं गाडी चालवतो आणि ट्रॅफिकबद्दल बोलतो. ते कुटुंब अजून त्याच घरात आहे.

या प्रकरणावर मी पुष्कळ विचार केला. माणसाला शेजार लागतो म्हणजे नेमकं काय लागतं? इमारत, गल्ली, की आठवड्यातून दोन दिवस उघडणारं एक दार? निवृत्त होताना एजन्सीतल्या निरोपाच्या भाषणात मी हा प्रश्न मांडलाही. नव्या एजंटांनी टाळ्या वाजवल्या, एकीने लिहून घेतलं.

मागच्या महिन्यात ईराची गाठ पडली. आता ती बरीच उंच झाली आहे आणि नाचत अजिबात नाही. दुसऱ्याच महिन्यात टीचरनी तिला टाळ धरायला बसवलं होतं. मी तिला विचारलं, "तुला त्या पहिल्या दिवशी आत असं काय वाटलं गं, की तू तिथलीच झालीस?"

तिने थोडा विचार केला. "क्लास संपला की टीचर बिस्किटं देतात," ती म्हणाली.

मी वत्सला टीचरकडे चौकशी केली. प्रत्येकी दोन. क्रीमची.